खरवड

आधी लसूण.
अर्धी पाकळी मडक्याच्या आतून फिरवायची, गोल, दोनदा.
मडकं इथलंच, खानापूरचं, रुंद तोंडाचं;
नवं मडकं सगळं पिऊन टाकतं
म्हणून आदल्या रात्री पेजेत उकळलेलं.
लेकीनं बर्नहून पाठवलेल्या भांड्याचा दांडा
सांबऱ्याच्या विमानतळावर मोडूनच उतरला.
चीज तेवढं धड, कुणाच्या तरी बॅगेत
दोन साड्यांच्या मध्ये.
नाव वाचताना नागोजीरावांची जीभ अडकली,
ग्रुयेरचं गुरव झालं,
आणि आमच्या गल्लीत ते गुरवच राहिलं.

दिवा शाळेच्या प्रयोगशाळेतला, स्पिरिटचा.
निरोप समारंभात शाल दिली, श्रीफळ दिलं,
हा मी मागून घेतला.
काट्यांऐवजी सायकलचे स्पोक.
नझीरनं टोकं घासून दिली, लाकडाच्या मुठी बसवल्या,
पैसे विचारले तर म्हणाला,
"काय शिजवायलाय ते सांगा, त्यात भागतंय."
मग तोही आला.

पुस्तकात पांढरी वाइन लिहिलेली.
कैतान चोर्ला घाटातून फेणी घेऊन हजर,
"दोन थेंब, बाई, नुसता वास."
पण शिवलीला हिरेमठ बसलेली समोर,
एकच मडकं, आणि ती न जेवता जाणार हे कसं चालेल?
मी लिंबू पिळलं.
कैतान रुसून फेणी आपल्या पेल्यात घेऊन
खिडकीशी जाऊन बसला,
पाच मिनिटं.

आणि नेमकं तेव्हाच ते फाटलं.
वर तुपासारखं तेल, खाली रबराचा गोळा.
तीस वर्षं पोरांना मिश्रण आणि संयुग शिकवलं,
फळ्यापुढे असा घाम कधी फुटला नाही.
शिवलीला उठली. "उरी सण्ण इडरी,"
ज्वारीचं पीठ चमचाभर ताकात कालवलं
आणि आंबील हाटतात तसं हाटायला लागली,
एकाच दिशेनं, न बोलता.
गोळा सैल झाला. मग सुत. मग
चमच्यावरून रेशमासारखी धार.

सगळे पुढं सरकले.
बसच्या पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात
हा वाद नझीर आणि नागोजीराव घेऊनच आले होते दारातून,
तो अर्ध्यावर पडला,
कारण वाद घालायला हात मोकळा लागतो,
आणि इथं हात थांबला की पाव बुडतो.

बुडाला तर दंड.
लेकीनं लिहिलेलं, शेजाऱ्याचा मुका घ्यायचा.
ती ओळ मी मोठ्यानं वाचली नाही.
म्हटलं, भांडी घासायची.

पहिला पाव नागोजीरावांचा बुडाला.
हसलो आम्ही. दुसराही त्यांचाच.
तिसऱ्या वेळी मी पाहिलं,
त्यांनी स्पोक जरासा तिरका केला.
लोंढ्याला छत्तीस वर्षं सिग्नलचे दांडे ओढलेला हात,
तो इतका ढिला?
शिवलीलेनं पण पाहिलं. तिनं पदर सारखा केला
आणि कांद्याचं लोणचं पुढं ढकललं.

साडेदहाला कैतानची स्कूटर गेली,
नझीर उरलेला पाव घेऊन गेला.
नागोजीराव मोरीवर बाह्या सरसावून
एकेक ताटली तीन तीनदा विसळत होते.
त्यांच्या घरी दिवा ते स्वतः लावतात
आणि ताटली असते एकच, हे मला माहीत आहे.

दिव्यावर टोपण घातलं.
मडक्याच्या बुडाशी तांबूस पापुद्रा धरलेला.
"ही खरवड तुमची," मी म्हटलं.
ते उलथन्यानं हळूहळू सोडवत बसले,
म्हणाले, "ही माझ्यासाठी बासुंदीची काढून ठेवायची,"
मग बराच वेळ नुसताच कुरकुर आवाज.

जाताना पायरीवर थांबले.
"पुढच्या शनिवारी?"
"गुरव संपलं की हो सगळं."
चप्पल घालत म्हणाले,
"मडकं आहे की."